बाबूरावांची गरिबी कुठे गेली?

2006 साली एकाच गोष्टीचे दोन पुढचे भाग हिंदीत आले, आणि त्यातला एक पुढचा भाग आहे हे फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. जूनमध्ये 'फिर हेरा फेरी' आला. तो 'हेरा फेरी'चा दुसरा भाग, हे नावातच होतं. डिसेंबरात 'भागम भाग' आला. त्यातही अक्षय कुमार आणि परेश रावल होते, लेखन नीरज व्होरा यांचंच होतं, सुनील शेट्टी निर्मात्यांत होते आणि दिग्दर्शक होते मूळ 'हेरा फेरी' करणारे प्रियदर्शन. पण त्याच्या नावात 'हेरा फेरी' नव्हतं, म्हणून कुणी तशी तुलनाच केली नाही. या दोन चित्रपटांचा गोत्रपट मांडून बसलं की विनोदाबद्दल असं काही दिसायला लागतं की थक्क व्हायला होतं.

सुरुवात केरळमधून. 1989 साली सिद्दीक आणि लाल या जोडीनं 'रामजी राव स्पीकिंग' हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. दोघंही फाजिल यांच्या हाताखाली तयार झालेले, आणि चित्रपटाच्या निर्मितीतही फाजिलच होते. गोष्ट अशी: पैशाची चणचण असलेले तीन पुरुष एका छपराखाली राहतात. त्यांच्याकडे चुकून एका अपहरणकर्त्याचा फोन येतो आणि ते मधल्यामध्ये खंडणीचा व्यवहार आपल्या हातात घेतात. त्याआधी 1971 मध्ये अमेरिकी टीव्हीवर आलेल्या 'सी द मॅन रन' या चित्रपटातही राँग नंबर आणि खंडणी हेच बीज होतं. पण केरळच्या मातीत ते पार वेगळं उगवलं. तिघांतला वयानं मोठा मत्ताई हा बंद पडलेल्या नाटक कंपनीचा मालक. इनोसंट या थोर विनोदी नटानं तो केला. 1990 मध्ये फाजिल यांनीच ही गोष्ट तमिळमध्ये नेली आणि 31 मार्च 2000 रोजी ती हिंदीत 'हेरा फेरी' म्हणून आली. मत्ताईचे झाले बाबूराव गणपतराव आपटे, आणि नाटक कंपनीचं झालं गॅरेज.

पुढे रस्ता दुभंगला. मल्याळममध्ये सिद्दीक-लाल यांनीच लिहिलेला दुसरा भाग 1995 मध्ये आला, 'मन्नार मत्ताई स्पीकिंग', आणि तोही चालला. 'भागम भाग' या दुसऱ्या भागाच्या कथानकावर बेतलेला आहे. म्हणजे बाबूरावांच्या मल्याळी भावाचं पुढे काय झालं, ते आपण 'भागम भाग'मध्ये पाहिलं. आणि खुद्द बाबूरावांचं काय झालं ते 'फिर हेरा फेरी'त.

एरवी दुसरा भाग फसला की कारणं हाताशी असतात. नट बदलले, लेखक बदलला, निर्मात्यानं हात आखडता घेतला. इथं यातलं काहीही लागू होत नाही. 'फिर हेरा फेरी'त अक्षय कुमार, सुनील शेट्टी आणि परेश रावल हे तेच तिघं आहेत, निर्माते तेच फिरोज नाडियादवाला. पहिल्या भागाचे संवाद ज्यांच्या लेखणीतून उतरले ते नीरज व्होराच दुसऱ्याचे लेखक आणि दिग्दर्शकही. प्रयोगशाळेत सगळं सारखं ठेवून एखाददुसरीच गोष्ट बदलावी, तसा हा योग जुळून आलाय. बदललं काय, तर दिग्दर्शक आणि गोष्ट.

आधी एक सांगायला हवं. 'फिर हेरा फेरी' पडला नाही. त्यानं चांगला धंदा केला, आणि आज मोबाइलवर फिरणाऱ्या विनोदी तुकड्यांत त्याचा वाटा मोठा आहे. त्यावर जीव टाकणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्यांचं हसू खोटं नाही. तरीही अख्खा चित्रपट एका बैठकीत पाहिला की पहिल्याची सर त्याला येत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुकडे आठवतात, गोष्ट आठवत नाही. पहिल्याची मात्र गोष्टच आठवते.

आता त्या पहिल्या गोष्टीचं यंत्र उघडून पाहू.

श्यामला बँकेत वडिलांच्या जागी नोकरी हवी आहे आणि त्याच्या डोक्यावर खडगसिंगचं कर्ज आहे. खडगसिंगलाही ते पैसे चैनीसाठी नकोत, त्याच्या बहिणीचं लग्न अडलंय. राजूनं गावाकडच्या आईला आपण मोठे साहेब असल्याचं सांगून ठेवलंय. बाबूरावांचं गॅरेज नावालाच गॅरेज आहे आणि श्याम-राजू हे भाडेकरू भाडं देत नाहीत. म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक माणूस काही रुपयांसाठी अडलेला आहे, आणि एकाची अडचण दुसऱ्याच्या अडचणीत अडकलेली आहे. अर्ध्या तासातच आपल्याला प्रत्येकाची उधारी तोंडपाठ होते. प्रियदर्शन यांनी यासाठी घेतलेला वेळ मला फार मोलाचा वाटतो. चित्रपट बराच पुढे गेल्यावर खरा फोन येतो. तोवर त्या तिघांना पैशाची किती निकड आहे ते आपल्याला त्यांच्याइतकंच ठाऊक झालेलं असतं.

मग फोन वाजतो. देवीप्रसाद शेठच्या नातीला पळवून कबिरानं त्यांना लावलेला फोन. पण शेठची 'स्टार फिशरीज' आणि बाबूरावांचं 'स्टार गॅरेज'! मासळीच्या ऑर्डरींचे फोन आधीपासूनच गॅरेजात येत असतात, बाबूराव त्यावर करवादत असतात, आणि आपण ते गमतीत घेऊन विसरूनही गेलेलो असतो. आपल्या नकळत पेरलेलं ते बी इथं उगवतं. राजूच्या डोक्यात कल्पना येते: कबिराशी शेठ बनून बोलायचं, शेठशी अपहरणकर्ता बनून बोलायचं, रक्कम वाढवून मागायची आणि मधला फरक आपला.

या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे ते पाहा. कबिराला वाटतं आपण शेठशी बोलतोय. शेठना वाटतं फोनवरची ही माणसंच गुंड आहेत. तिघांना दोन्ही बाजू कळतात, पण हे कुठवर जाईल ते कळत नाही. आणि आपण, थिएटरातले, सगळ्यांचं सगळं जाणतो. हसू जन्मतं ते या जाणिवांच्या फटीत. कुणी गमतीचं बोललं नाही, नुसतं 'हॅलो' म्हटलं, तरी माणूस हसतो. कारण त्या एका 'हॅलो'चे तीन अर्थ एकाच वेळी आपल्या डोक्यात वाजतात. उरलेला चित्रपट त्या फटीत एकेक माणूस आणून सोडतो: पोलिस, पैसे मागायला आलेला खडगसिंग, आणखी गुंड. प्रत्येक जण अर्धवट माहिती घेऊन आत शिरतो. शेवटच्या धुमश्चक्रीत इतकी माणसं धावत असूनही आपला गोंधळ होत नाही, कारण कोण कशापायी धावतोय ते आपण पहिल्या अर्ध्या तासातच शिकलेलो असतो.

या यंत्राला एक विशिष्ट काळही लागत होता. मार्च 2000 मध्ये सबंध भारतात मोबाइलधारक 20 लाखांच्या आसपास होते. मुंबईत घरचा फोन म्हणजे लँडलाइन. बहुतेक घरांत समोरच्याचा नंबर दिसायची सोय नव्हती. राँग नंबर आणि क्रॉस कनेक्शन या रोजच्या गोष्टी होत्या, आणि बाहेर पडलं की पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ शोधायचा. फोन हा माणसाचा नसून जागेचा असायचा. त्यामुळे त्या जागेत जो असेल तो, कुणीही, कुणाच्याही नावानं बोलू शकत असे. 2006 येईतो देशातल्या मोबाइलधारकांनी 10 कोटींचा टप्पा ओलांडला होता. कबिरानं त्या साली शेठच्या मोबाइलवर थेट फोन लावला असता आणि गोष्ट पहिल्याच मिनिटाला संपली असती. पुढच्या भागापुढचा हा प्रश्न कुणी फारसा बोलून दाखवत नाही. माणसं तीच आणता येतात, पण त्यांना अडवणारं जग सहा वर्षांत बदललेलं असतं.

आता एका वाक्याकडे जवळून पाहू. बाबूराव कंटाळून देवाला हात जोडतात आणि विनवतात की बाबा रे, उचल आता. आपल्याला वाटतं, त्रासलेला म्हातारा स्वतःचं मरण मागतोय. क्षणभर कणव येते. मग ते घाईघाईनं खुलासा करतात की मला नव्हे, या दोघांना उचल. सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदाच्या थांब्यात आहे. आपलं मन एका वाटेनं पुढे गेलेलं असतं आणि वाक्य दुसरीकडे वळतं.

मेंदू हे कसं करतो याचा एक सुंदर पुरावा आहे. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, यावर सेरा-जेन ब्लेकमोर आणि लंडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. आपला हात हलतो तेव्हा त्याचा स्पर्श कसा लागेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो, यात लहान मेंदूचा मोठा भाग असतो, आणि अंदाजाबरहुकूम आलेली संवेदना फिकी केली जाते. दुसऱ्याच्या बोटांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून गुदगुल्या होतात. विनोद म्हणजे हुबेहूब गुदगुल्याच, असं मी म्हणणार नाही. पण अंदाज बांधता आला की धार जाते, हे दोन्हीकडे खरं आहे. सहा वर्षांनी बाबूराव पडद्यावर येतात तेव्हा ते चष्म्याआडून बघतील, चिडतील, राजूवर खेकसतील, हे आपण घरून निघतानाच जाणून असतो.

मग एक कोडं उरतं. मालवणी 'वस्त्रहरण'चे 5000च्या वर प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच कुठल्या वाक्याला काय बोलणार हे पाठ असलेले प्रेक्षक दहाव्यांदाही तितकेच हसले. 'हेरा फेरी'सुद्धा लोक टीव्हीवर पुन्हा पुन्हा लावतात आणि बाबूरावांच्या प्रार्थनेला पुन्हा हसतात. माहीत असलेल्याला हसू येत नाही, तर हे कसं घडतं? मला वाटतं, तेच नाटक पुन्हा पाहताना आपण पात्रांच्या अज्ञानाकडे परत जातो. आपल्याला सगळं ठाऊक आहे, पण तात्याला अजून काहीच ठाऊक नाही. पुढे काय होणार हे न कळलेला माणूस आपल्यासमोर पुन्हा नव्यानं उभा राहतो. दुसऱ्या भागातला बाबूराव मात्र पहिल्या भागातून गेलेला असतो. तो आता अजाण राहिलेला नसतो, आणि त्याच्यावर आपण किती हसलो हेही जणू त्याच्या कानावर गेलेलं असतं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे दोन भेद केले आहेत. आत्मस्थ आणि परस्थ. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. पुढे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्याही सांगितल्या आहेत. हे वाचलं की परेश रावल यांचं पहिल्या भागातलं काम अधिकच डोळ्यांत भरतं. तो बाबूराव कधीच हसवायला निघालेला नसतो. त्याला भाडं हवं असतं, झोप हवी असते, फोन थांबायला हवा असतो. जाड भिंगांतून तो समोरच्याकडे टक लावून बघतो ते खरोखर दिसत नाही म्हणून. हिंदी चित्रपटात मराठी माणूस बहुतेकदा हवालदार किंवा कामवाली बाई म्हणून यायचा. इथं एका गुजराती रंगभूमीवरच्या नटानं आपटे आडनावाचा, मराठी वळणाची हिंदी बोलणारा, कोंड्याचा मांडा करून जगणारा मुंबईकर इतक्या मायेनं उभा केला की मराठी घरांत तो आपलाच कुणी काका वाटायला लागला. त्या वर्षीचा सर्वोत्तम विनोदी नटाचा फिल्मफेअर त्यांना मिळाला. दुसऱ्या भागात तेच धोतर, तोच चष्मा, पण आवाज चढलेला आहे आणि प्रत्येक वाक्याअखेर टाळीसाठी जागा सोडलेली आहे.

गोष्टीकडे येऊ. 'फिर हेरा फेरी' सुरू होतो तेव्हा तिघं श्रीमंत आहेत, बंगल्यात राहतात. गरिबीतून सुटलेल्यांना विनोदासाठी पुन्हा गरीब करायला हवं. त्यासाठी राजू एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करून देणाऱ्या कंपनीच्या नादी लागतो आणि सगळं घालवून बसतो. इथंच माझ्या मते पाया खचतो. पहिल्या भागातली गरिबी त्यांच्या वाट्याला आलेली होती, तिच्यात त्यांचा दोष नव्हता. दुसऱ्यातली राजूच्या हावरेपणानं ओढवून घेतलेली. अडलेल्याची लबाडी आपण हसत माफ करतो. बंगला असलेल्यानं मित्रांचे पैसे उडवले तर हसताना मनात कुठंतरी आठी पडते. शिवाय ही गरिबी पंधरा-वीस मिनिटांत उरकलेली आहे. लगेच पप्पू नावाच्या एकाकडून उसने, पप्पूमागे तिवारी हा गुंड, मग चोरीचा माल, जुन्या मौल्यवान बंदुका, मग सर्कस. कर्ज आणि बंदुकांचा धागा गाय रिची यांच्या 1998 च्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स'ची थेट आठवण करून देतो. लंडनच्या गल्ल्यांतली ती थंड, निर्दय गंमत आणि गॅरेजातली उबदार भांडणं एका ताटात नीट बसत नाहीत. माणसं पुष्कळ येतात, पण कुणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा हिशेब कुणी आपल्याला देत नाही. मग शेवटच्या पळापळीत आपण फक्त पळापळ बघतो. राजपाल यादवचा पप्पू भाव खाऊन जातो, आणि तेही योग्यच. तिवारीच्या धाकात जगणारा तो एकटाच खरोखर अडलेला आहे.

मल्याळी दुसऱ्या भागानं हीच अडचण वेगळ्या रीतीनं सोडवली. मत्ताईला पुन्हा कंगाल करायच्या भानगडीत सिद्दीक-लाल पडले नाहीत. त्यांनी त्याची नाटक कंपनी सुरू करून दिली. आता प्रयोग लागलेत, आणि पंचाईत आहे ती नायिकेची. 'भागम भाग'मध्ये हेच परेश रावल यांच्या चंपकच्या वाट्याला येतं: नाटक मंडळी लंडनला निघालीय, नायिका सोडून जाते, आणि नवी शोधताना भलत्याच भानगडीत सगळे अडकतात. गरज नवी, अज्ञान नवं. 'भागम भाग' थोर चित्रपट आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यातल्या पात्रांना ओळखीच्या हशासाठी थांबावं लागत नाही. आपल्याकडे सचिन पिळगांवकरांनी 2004 च्या 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग वीस वर्षांनी काढला तेव्हा एसटीची कोकण रेल्वे केली आणि अशोक सराफांच्या कंडक्टरचा टीसी. वाहन बदललं की निदान अडचणी तरी बदलतात. उलट 2014 मध्ये मत्ताईला तिसऱ्यांदा आणलं गेलं, सिद्दीक-लाल नसताना, आणि तो चित्रपट कुणाला रुचला नाही.

नीरज व्होरा 2017 मध्ये गेले. त्यांच्यावर एक अन्याय मात्र होऊ नये. 'फिर हेरा फेरी'चा शेवट त्यांनी असा केलाय की सगळं मागचं विसरून मी तो पुन्हा पुन्हा पाहतो. बंदुकांची खरी किंमत कोट्यवधींची आहे हे बाबूराव आणि श्यामला कळतं. राजूला ते ठाऊक नाही. तो पुलाच्या कठड्यावरून वाकून त्या बंदुका पाण्यात टाकायला निघालाय. मोबाइल त्यानं तोंडात धरलाय आणि तो वाजतोय. बातमी त्याच्या दातांत आहे, कानात नाही. उचलायला जावं तर बंदुका सुटतात. तिकडे दोघं जिवाच्या आकांतानं फोन लावतायत, इकडे राजू लोंबकळतोय, आणि ज्याला काहीही करता येत नाही अशा प्रेक्षकाला एकट्यालाच दोन्हीकडचं सगळं कळतंय. अख्ख्या चित्रपटात हरवलेली ती फट शेवटच्या मिनिटात सापडते, आणि तिथंच पडदा पडतो.